इंजिनांतील तेलाची पातळी : ती कां व कशी पाहावी



आपल्या घरीं मोटारसायकल असो, वडिलांची भाड्यानें चालणारी रिक्षा वा टेम्पो असो, किंवा विहिरीवर पाणी उपसणारें डिझेल इंजिन असो, त्याच्या पोटांत एक पदार्थ असा असतो कीं, त्याची आठवण आपणांस क्वचितच होते. तो पदार्थ म्हणजे वंगणाचें तेल. गॅरेजांत ज्याला नुसतें 'ऑइल' म्हणतात तें. पेट्रोलाची आठवण आपोआप होते. तें संपलें कीं गाडी जागच्या जागीं उभी राहते आणि पुन्हां घातलें कीं पूर्ववत् चालूं लागते. तेलाचें तसें नाहीं. तें कमी होत असतां इंजिन पहिल्याइतक्याच जोरानें चालतें, वेग घटत नाहीं, आवाजांतही बहुधा फरक पडत नाहीं. आणि जेव्हां फरक कळून येतो तेव्हां केवळ तेल घालून भागण्याची वेळ निघून गेलेली असते. पेट्रोल संपलें तर गाडी थांबते. तेल संपलें तर इंजिनच जातें. जी वस्तु आपण होऊन कांहीं सांगत नाहीं तिची विचारपूस आपणच केली पाहिजे. ती कशी करावी, आणि तेल ठरलेल्या मर्यादेहून कमी वा अधिक झाल्यास काय होतें, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

तेलाचें कार्य

धातूचा पृष्ठभाग हातास कितीही गुळगुळीत लागला तरी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तो उंचसखल दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून घासले म्हणजे त्यांवरील उंचवटे एकमेकांस अडतात, तुटतात व तापतात. यासच आपण घर्षण म्हणतों. मोटारीच्या इंजिनांतील क्रँक-शाफ्ट, म्हणजे ज्या दांड्यामुळें पिस्टनची खालवर होणारी हालचाल चक्राकार गतींत बदलते तो मुख्य दांडा, साधारण वेगांत मिनिटास दोन-तीन हजार फेरे घेतो. प्रत्येक स्फोटाचा धक्का त्याच्या बेअरिंगांना सोसावा लागतो. कोरड्या धातूवर कोरडा धातु असा फिरूं लागला तर थोड्याच वेळांत दोन्हींचा नाश होईल.

हें टाळण्यासाठीं दोहोंच्या मध्यें तेलाचा एक पातळ पदर असतो. त्याची जाडी माणसाच्या केसाहूनही पुष्कळ कमी असते. एवढासा पदर एवढा भार कसा पेलतो, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर इंग्लंडांत एका प्रयोगावरून मिळालें. बीचम टॉवर नांवाचे इंजिनिअर तेथील इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेकरितां आंस व बेअरिंग यांमधील घर्षण मोजीत होते. इ. स. १८८३ सालीं त्यांचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांच्या यंत्रांत फिरत्या आंसाचा खालचा भाग तेलांत बुडालेला असे व वरच्या बाजूस बेअरिंग ठेवून त्यावर भार दिलेला असे. वरून तेल सोडतां यावें म्हणून त्यांनीं बेअरिंगच्या माथ्यावर भोंक पाडलें. परंतु आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर येऊं लागलें. त्यांनीं तेथें लांकडी बूच ठोकलें; तेंही हळूहळू बाहेर ढकललें गेलें. तेव्हां त्यांनीं तेथें दाबमापक बसविला. बेअरिंगवर दिलेला भार सरासरीनें चौरस इंचास १०० पौंड असतां तेलाचा दाब २०० पौंडांहूनही अधिक भरला!

या चमत्काराची गणिती उपपत्ति ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञांनीं १८८६ सालीं मांडली. फिरणारा दांडा आपल्या अंगास चिकटलेलें तेल ओढून नेतो. दांडा व बेअरिंग यांमधील फट एका बाजूस किंचित् रुंद व पुढें निमुळती असते. रुंद भागांत ओढलें गेलेलें तेल निमुळत्या भागांत पाचरीप्रमाणें शिरतें, तेथें त्याचा दाब वाढतो, आणि तो दाब दांड्यास बेअरिंगपासून उचलून धरतो. म्हणजे चालत्या इंजिनाचा भार धातूवर टेकलेला नसून तो तेलावर तरंगत असतो. मात्र यांत एक अट आहे. ओढून नेण्यासाठीं दांड्याला तेल सतत मिळालें पाहिजे. पुरवठा क्षणभर तुटला कीं पाचर नाहींशी झाली, आणि पाचर नाहींशी झाली कीं धातु धातूस भिडला.

याशिवाय तेल आणखी चार कामें करतें. पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता तें आपल्याबरोबर वाहून नेतें. ज्वलनाची काजळी व झिजलेल्या धातूचे कण धुऊन फिल्टरपर्यंत पोंचवितें. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांमधील फट बुजवून आंतील दाब राखतें. आणि आंतील भागांस गंज चढूं देत नाहीं. हीं सर्व कामें मिळून जें तेल करावयाचें तें मोटारींत साधारणपणें तीन ते पांच लिटर आणि लहान मोटारसायकलींत अवघें एक लिटर किंवा त्याच्या आसपास असतें, हें लक्षांत ठेवावें.

तेलाचा मुक्काम व प्रवास

इंजिनाच्या तळाशीं तेल सांठविण्याचें जें पात्र असतें त्यास आपल्याकडील मेस्त्री 'चेंबर' म्हणतात. चेंबरच्या तळाजवळ एका नळीचें तोंड असतें व त्यावर जाळी बसविलेली असते. पंप या तोंडानें तेल ओढतो, फिल्टरमधून गाळून घेतो, आणि बारीक छिद्रांवाटें बेअरिंगांपर्यंत व वर व्हॉल्व्हांपर्यंत पोंचवितो. तेथून तें ठिबकत, ओघळत पुन्हां चेंबरमध्यें उतरतें. इंजिन चालू आहे तोंवर हें चक्र अखंड चालतें.

पाणी उपसण्याच्या कित्येक जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांत व फवारणी वगैरेंच्या लहान यंत्रांत याहूनही साधी योजना असते. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास पळीसारखा एक भाग असतो. प्रत्येक फेऱ्यास ही पळी खालच्या तेलांत बुडते व तेल चोहोंकडे उडविते. येथें दाब दाखविणारा दिवा नसतो. तेलाची पातळी पळीच्या टोकाखालीं गेली कीं पळी रिकामीच फिरते. अशा इंजिनाचें आयुष्य सर्वस्वीं पातळीवर अवलंबून असतें.

या रचनेवरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, इंजिन चालू असतांना तेलाचा बराच भाग वर गेलेला असतो. म्हणून चालत्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची पातळी खरी कळत नाहीं. दुसरी ही कीं, चेंबरमधील तेलाची उंची बेताची असावी लागते : पंपाचें तोंड सदैव बुडालेलें राहील इतकी अधिक, आणि वर फिरणाऱ्या क्रँक-शाफ्टला तेल लागणार नाहीं इतकी कमी. कारखानदार ज्या दोन खुणा करून ठेवतात त्यांचा अर्थ हाच होय.

तेल कमी झालें असतां

पातळी खालच्या खुणेच्या किंचित् खालीं गेली म्हणजे इंजिन लागलींच बिघडतें असें नाहीं. सपाट रस्त्यावर पंपाचें तोंड अजून बुडालेलें असतें. परंतु तीच गाडी बोरघाट किंवा आंबाघाट चढूं लागली, वळणावर कलली, किंवा एकदम ब्रेक लागला, म्हणजे चेंबरमधील तेल एका बाजूस सरकतें आणि पंपाचें तोंड उघडें पडतें. मग पंप तेलाऐवजीं हवा ओढतो. बेअरिंगवरचा पदर तुटतो. प्रत्येक वळणावर असें क्षण दोन क्षण होत राहिलें तरी बेअरिंगच्या मऊ धातूस ओरखडे पडूं लागतात.

कमी तेलाचा दुसरा दोष उष्णतेचा. चार लिटरांनीं वाटून घ्यावयाची उष्णता अडीच लिटरांस सोसावी लागली म्हणजे तेल अधिक तापतें. तापलेलें तेल पातळ होतें व लौकर जळकट बनतें. पातळ तेलाचा पदर दुबळा असतो. त्यामुळें घर्षण वाढतें. त्यामुळें उष्णता आणखी वाढते. हें दुष्टचक्र एकदां सुरू झालें म्हणजे शेवटीं पिस्टन सिलिंडरमध्यें चिकटतो किंवा बेअरिंग दांड्यास धरतें. यालाच इंजिन 'सीझ' झालें किंवा 'जाम' झालें असें म्हणतात. मग इंजिन उतरवा, सिलिंडर बोअर करा, दांडा घासून घ्या, अशी कामें निघतात. ज्या घराची कमाई गाडीवर चालते त्या घरीं दुरुस्तीचा खर्च हा एक घाव, गाडी उभी असल्यामुळें बुडालेली रोजची मिळकत हा दुसरा, आणि या दोहोंमुळें न थांबणारा कर्जाचा हप्ता हा तिसरा. शेतकऱ्याच्या विहिरीवरील इंजिन पाणी देण्याच्या ऐन दिवसांत बंद पडलें तर उभें पीक वाट पाहत नाहीं. हें सारें नुकसान कित्येकदां एका लहानशा बाटलीभर तेलानें व दोन मिनिटांच्या लक्षानें टळलें असतें.

तेल अधिक झालें असतां

"थोडें जास्तच असलेलें बरें" हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. धान्याच्या कणगीविषयीं तो खरा असेल. इंजिनाविषयीं तो खोटा आहे. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली म्हणजे वेगानें फिरणारा क्रँक-शाफ्ट तेलास लागतो आणि रवीनें ताक घुसळावें तसें तेल घुसळून काढतो. तेलाचा फेस होतो. फेस म्हणजे हवेचे बुडबुडे. पंपानें फेस ओढला म्हणजे बेअरिंगकडे तेलाबरोबर हवाही जाते. हवा भार पेलीत नाहीं. अशा रीतीनें अति तेलाचा परिणाम अखेर तेलाच्या तुटवड्यासारखाच होतो!

शिवाय चेंबरमधील दाब वाढून सीलमधून तेल गळूं लागतें. हवा बाहेर सोडण्याच्या नळीनें तें सिलिंडरकडे जाऊन जळतें व निळसर धूर निघतो. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करण्याचें जें उपकरण असतें तेंही त्यानें खराब होतें. डिझेल इंजिनांत तर अधिकच धोका. तेथें आंत शिरलेलें तेल हेंच इंधन बनून, चावी बंद केली तरी इंजिन आपण होऊन बेफाम फिरत राहण्याचा प्रसंग येऊं शकतो. म्हणून तेल अधिक झाल्याचें आढळल्यास "राहूं द्या, जळून जाईल" असें न म्हणतां जादा तेवढें काढून घ्यावें.

पातळी कशी पाहावी

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. विद्यार्थ्यांनीं हें काम प्रथम वडील माणसांच्या देखत करावें. इंजिन बंद असावें व चावी काढलेली असावी. धुराड्याच्या नळीस व तापलेल्या भागांस हात लागूं देऊं नये. मोटारीच्या पंख्याजवळ हात नेऊं नये, कारण कांहीं मोटारींत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

मोटारीची पातळी पुढीलप्रमाणें पाहावी :

१. गाडी सपाट जागीं उभी करावी. उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर असतांना पाहिलेली पातळी खोटी असते.

२. इंजिन गरम झालें असल्यास बंद करून पांच ते दहा मिनिटें थांबावें, म्हणजे वरचें तेल खालीं उतरतें. कांहीं कारखानदार थंड इंजिनावर पाहावयास सांगतात. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकांत जें सांगितलें असेल तेंच प्रमाण मानावें.

३. ऑइलची पट्टी, म्हणजेच डिपस्टिक, बाहेर काढावी व धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्यानें पुसावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरील तेल शिंतोड्यांनीं इकडेतिकडे लागलेलें असतें, म्हणून त्यावर विश्वास ठेवूं नये.

४. पुसलेली पट्टी पुन्हां पूर्ण खोलवर बसवावी व सरळ बाहेर काढावी. तिचें टोक वर करूं नये. तसें केल्यास तेल ओघळून खोटी उंची दिसते.

५. पट्टीवर दोन खुणा असतात. कोठें अक्षरें, कोठें रेघा, कोठें भोंकें, तर कोठें मधला भाग खरखरीत केलेला असतो. तेलाची कड या दोहोंच्या मध्यें असली पाहिजे. दोन्ही बाजूंस कड वेगळी दिसल्यास खालची ती खरी समजावी, आणि शंका वाटल्यास पुन्हां पाहावें.

मोटारसायकलची रीत थोडी निराळी आहे. गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली नसावी. ती मधल्या स्टँडवर किंवा कोणाकडून तरी सरळ धरलेली असावी. पुष्कळ गाड्यांत तेल घालण्याच्या झांकणासच पट्टी जोडलेली असते. इंजिन कांहीं मिनिटें चालवून बंद करावें, दोन-तीन मिनिटें थांबावें, झांकण काढून पट्टी पुसावी, व पुन्हां आंत घालून पाहावी. येथें एक खुबी आहे. पुष्कळ गाड्यांत झांकणाचे आटे न फिरवतां तें नुसतें भोंकावर टेकवून मापावयाचें असतें. कांहींत मात्र आटे पूर्ण बसवून. यांत चूक झाली तर पट्टीची खोली बदलते व माप चुकतें. म्हणून माहितीपुस्तक पाहूनच ठरवावें. कांहीं गाड्यांना कांचेची लहान खिडकी असते. तीवर दोन रेघा असतात व तेल त्यांच्या मध्यें दिसलें पाहिजे. कांहीं नव्या मोटारींना पट्टीच नसते. तेथें पडद्यावर पातळी दिसते. साधन बदललें तरी सपाट जागा, थांबण्याचा अवधि व माहितीपुस्तक यांची गरज तशीच राहते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना इंजिन नसल्यामुळें हें तेलही नसतें. आणि जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरांत वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागे, म्हणून त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.

किती व कोणतें तेल घालावें

अनेक मोटारींत खालच्या व वरच्या खुणांमधील अंतर सुमारें एक लिटर तेलाचें असतें. पातळी खालच्या खुणेवर आली आहे म्हणून एकदम लिटर ओतून मोकळें होऊं नये. स्वच्छ नरसाळ्यानें पाव लिटरच्या आसपास घालावें, कांहीं मिनिटें थांबावें, पुन्हां मोजावें. मोटारसायकलींत तर एका वेळीं अर्धी वाटीदेखील पुष्कळ होते. घातलेलें तेल काढणें हें घालण्याहून कष्टाचें काम आहे. शेवटीं झांकण घट्ट बसवावें व पट्टी जागीं ठेवावी. उघडें राहिलेलें झांकण हेंही तेल नाहींसें होण्याचें एक कारण आहे.

तेलाचा प्रकार कारखानदारानें सांगितलेला असावा. डब्यावर एसएई या अक्षरांपुढें १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे अंक असतात. ते तेलाच्या दाटपणाची श्रेणी सांगतात. डब्ल्यू हें हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर असून त्याच्या आधींचा अंक थंडींतील व नंतरचा अंक तापलेल्या इंजिनांतील दाटपणा दाखवितो. मोटारसायकलींत क्लच बहुधा त्याच तेलांत बुडालेला असतो; मोटारीचें कांहीं तेल त्यांत घातल्यास क्लच घसरूं लागतो. म्हणून घरांत पडलेला कोणताही डबा उचलून ओतणें बरें नव्हे. काढलेलें जुनें तेल गटारांत, ओढ्यांत वा विहिरीजवळ ओतूं नये. तें बंद डब्यांत ठेवून जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

पट्टी आणखी काय सांगते

पातळी घटली तर तेल कोठें तरी गेलें आहे. गाडीखालीं काळे डाग दिसल्यास गळती. डाग नसून निळसर धूर येत असल्यास इंजिन तेल 'खात' आहे, म्हणजे झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हांचीं सीलें यांवाटें तें जळत आहे. थोडें तेल प्रत्येक इंजिन खातें; कांहीं मोटार-कारखानदार हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खर्चही दोष मानीत नाहींत. परंतु खर्च एकाएकीं वाढला तर तो दोषच समजावा.

याहून विचार करण्यासारखी स्थिति म्हणजे तेल न घालतां पातळी वाढणें. पुष्कळजण हें पाहून आनंद मानतात. पण इंजिनांत तेल उत्पन्न होत नाहीं. तेथें दुसरें कांहीं शिरलें आहे. तेल दुधाळ, ताकासारखें झालें असल्यास इंजिन थंड ठेवणारें पाणी त्यांत मिसळत असण्याचा संभव असतो. अशा वेळीं इंजिन चालवूं नये. पेट्रोल वा डिझेल यांचा वास येत असल्यास इंधन उतरत आहे. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर सर्रास आला. तो फिल्टर साफ करण्यासाठीं इंजिन मधून मधून जादा डिझेल वापरतें; गाडी शहरांत अगदीं थोडें थोडें अंतरच चालत राहिली तर ती सफाई अर्धवट राहते व कांहीं डिझेल चेंबरमध्यें उतरतें. पट्टीवर पातळी वाढलेली दिसते, पण तेल मात्र पातळ झालेलें असतें. म्हणून वरच्या खुणेपलीकडील पातळीही खालच्या खुणेखालील पातळीइतक्याच काळजीनें पाहावी.

लाल दिव्याविषयींचा गैरसमज

कोणी म्हणेल, "एवढी खटपट कशाला? तेल कमी झालें तर गाडीतला लाल दिवा लागेलच." हा गैरसमज फार महागांत पडतो. चोचीच्या तेलाच्या डब्याचें चित्र असलेला तो लाल दिवा तेलाची पातळी दाखवीत नसून तेलाचा दाब दाखवितो. चेंबरमध्यें तेल अर्धें उरलें असलें तरी पंपाचें तोंड बुडालेलें आहे तोंवर दाब राहतो व दिवा विझलेलाच राहतो. पंप हवा ओढूं लागला, दाब अगदीं खालच्या मर्यादेवर उतरला, कीं मग दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हां पुढें येणाऱ्या संकटाची सूचना मिळत नसते. संकट सुरू झालेलें असतें. कांहीं नव्या गाड्यांत पातळीसाठीं निराळा पिवळा दिवा असतो. परंतु पुष्कळ मोटारसायकलींना व शेतांतील इंजिनांना यांतील कोणताही दिवा नसतो.

चावी फिरवितांच लाल दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर दिवाच बिघडला आहे असें समजून दुरुस्त करावा. चालतांना तो लागला, किंवा वळणावर क्षणभर चमकला, तर सुरक्षित जागीं गाडी थांबवून इंजिन ताबडतोब बंद करावें व पातळी पाहावी. पातळी कमी असल्यास तेल घालावें. पातळी योग्य असूनही दिवा विझत नसल्यास इंजिन पुन्हां चालवूं नये, गाडी ओढून न्यावी. "गांव दोनच मैल राहिलें आहे" हा विचार अशा वेळीं घातक असतो.

थोडें गणित

"गेल्याच महिन्यांत सर्व्हिसिंग केलें आहे" हेंही उत्तर नेहमीं ऐकूं येतें. त्याची परीक्षा अंकगणितानें करूं. समजा, एका मोटारींत दोन खुणांमधील तेल १ लिटर आहे, ती हजार किलोमीटरला १५० मिलिलिटर तेल खाते, आणि तेल १०,००० किलोमीटरांनीं बदलावयाचें आहे. वरच्या खुणेपासून निघाल्यास ती सुमारें ६,६६७ किलोमीटरांवर खालच्या खुणेशीं येईल. आणि मध्यें कोणी पाहिलें नाहीं, तर तेल बदलण्याच्या दिवशीं पातळी खुणेखालीं आणखी अर्धा लिटर गेलेली असेल. आतां १ लिटर तेलाची मोटारसायकल घ्या. ती हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर खात असेल व तेल ५,००० किलोमीटरांनीं बदलत असेल, तर बदलण्याच्या दिवशीं तिच्यांत निम्मेंच तेल उरेल. तेल वेळेवर बदलणें हें आवश्यक आहेच. परंतु बदललेलें तेल तेथें टिकून आहे कीं नाहीं हें पाहणें हें दुसरें, स्वतंत्र काम आहे. किंबहुना सर्व्हिसिंगनंतर एकदां अवश्य पाहावें; कारण खालचा बोल्ट सैल राहणें किंवा तेल अधिक घातलें जाणें हेंही घडतें.

यासाठीं एक वही ठेवावी. तारीख, गाडीचे किलोमीटर, पातळी व घातलेलें तेल एवढे चार रकाने पुरेत. मोटारसायकल व मोटार यांची पातळी पंधरा दिवसांतून एकदां आणि लांबच्या प्रवासापूर्वीं पाहावी. रोज धंद्यावर जाणाऱ्या जुन्या गाडीची आठवड्यास. विहिरीवरील इंजिनाची तर दररोज, चालू करण्यापूर्वीं. कांहीं महिन्यांनीं त्या वहींतील आंकडेच सांगतील कीं आपलें इंजिन तेल किती खातें, आणि तें खाणें वाढत आहे कीं काय.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, हें काम घरांतील मुलामुलींकडे सोंपवावें. त्यास बळ लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. लागतो तो नियमितपणा व पाहिलेलें जसेंच्या तसें लिहिण्याची संवय. दोन खुणांमध्यें राहणें हा इंजिनाचा नियम मुलांना एकदां डोळ्यांनीं पाहतां आला म्हणजे पुस्तकांतील घर्षण, दाब व उष्णता हे शब्दही त्यांना परके राहणार नाहींत.

अभ्यासासाठीं

१. दोन गुळगुळीत फरश्यांचे तुकडे एकमेकांवर घासून पाहा. मग मध्यें तेलाचे चार थेंब टाकून पुन्हां घासा. जोरांत, आवाजांत व उष्णतेंत काय फरक पडला तें लिहा.

२. लाल दिवा विझलेला असतांना तेल कमी असूं शकेल काय? कारण सांगा.

३. अति तेलानें बेअरिंगला तेल कमी कसें पडतें, हें आकृति काढून स्पष्ट करा.

४. एका रिक्षांत दोन खुणांमधील तेल ४०० मिलिलिटर आहे. ती हजार किलोमीटरला ८० मिलिलिटर तेल खाते व रोज १०० किलोमीटर धांवते. वरच्या खुणेपासून निघाल्यास ती कितव्या दिवशीं खालच्या खुणेवर येईल? त्या आधीं पातळी किती वेळां पाहणें तुम्हांस शहाणपणाचें वाटतें?